गुंता

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेले भाषण. वेळेअभावी बोलायचे राहिलेले एक-दोन मुद्दे लिहिताना घातले आहेत.)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोडला आहे. जेवण झाल्यावरची वेळ आहे, त्यामुळे कोणाला डुलकी लागली तर मी राग मानणार नाही. दहावी ‘क’च्या शेवटच्या बाकावर बसून मीही तेच केलं आहे.

विषय मला आपल्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मिळाला. दिवाळीच्या सुमारास आपल्यापैकी एकाने, नाव सांगत नाही, तिसऱ्या रांगेत बसलाय, एका कुत्र्याचा फोटो टाकला. फरशी पुसायचा मॉप उभा राहून चालायला लागावा तसं ते कुत्रं. खाली लिहिलं होतं, “डॉक्टर, हे फेसबुकवाल्या झुकरबर्गचं कुत्रं आहे म्हणे. मलाही असंच घ्यायचंय. परभणीत जमेल का? निगा कशी राखायची?” त्याखाली बत्तीस जणांनी हसण्याची चित्रं टाकली. एकीने लिहिलं, “याला तर जट आलीय!” मी तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण ते चार ओळींत मावणारं नव्हतं. आज देतो.

त्या जातीचं नाव पुली. हंगेरी देशातली, मेंढ्या हाकणारी, मध्यम चणीची, बहुतेक काळ्या रंगाची. तिचाच थोरला भाऊ म्हणावा असा कोमोंडोर, पांढरा, नर सत्तर सेंटिमीटरच्या वर उंच. तो मेंढ्या हाकत नाही, राखतो. आपल्याकडे धनगराची कुत्री जे काम करतात तेच. कळपात पांढऱ्या मेंढ्यांत पांढरा कुत्रा मिसळून जातो, आणि लांडग्याने तोंड घातलंच तर दाताला आधी केसांचे दोरच लागतात, कातडीपर्यंत जायला वेळ लागतो. इटलीतल्या डोंगराळ भागातला बेर्गामास्कोही याच थाटाचा. म्हणजे हे केस मुळात शोभेसाठी नाहीत. थंडी, पाऊस आणि लांडगा यांच्यासाठी आहेत.

आता हे दोर होतात कसे? इथे मला आपल्या विज्ञानाच्या सरांची आठवण काढली पाहिजे. सर समोर आहेत. सर, आठवीत तुम्ही सूक्ष्मदर्शकाखाली आधी माणसाचा केस आणि मग घोंगडीतली लोकर दाखवली होती. केसावर कौलं रचल्यासारखे खवले असतात आणि सगळ्यांची तोंडं टोकाकडे असतात, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. मला त्या दिवशी त्याचा काही उपयोग दिसला नाही. पुढे आयुष्यभर पोट त्यावर चाललं.

या कुत्र्यांच्या अंगावर दोन प्रकारचे केस असतात. वरचे राठ, कुरळे, लांब. खालचे मऊ, कापसासारखे. इतर कुत्र्यांचे खालचे केस ऋतू बदलला की गळून पडतात, तुमच्या सोफ्यावर आणि काळ्या पँटवर. यांचे गळतात, पण पडत नाहीत. वरच्या कुरळ्या केसांत अडकतात. ओल आणि घासणं मिळालं की ते खवले एकमेकांत रुततात आणि पुन्हा सुटत नाहीत. लोकर न विणता नुसती भिजवून, दाबून, लाटून जेन करतात, तीच ही क्रिया. फरक इतकाच की जेन माणूस करतो आणि इथे ती अंगावर आपोआप होते.

आणि इथेच लोकांची फसगत होते. फोटो पाहून वाटतं, या कुत्र्याला विंचरायलाच नको, किती सोपं! विंचरायचं नाही हे खरं. पण विंचरण्याच्या दसपट काम हाताने करावं लागतं. पिल्लू जन्मतं तेव्हा साधं, गुबगुबीत, कुरळ्या केसांचं असतं. नऊ-दहा महिन्यांचं झालं की केसांत गाठी दिसायला लागतात. त्या वेळी मालकाने रोज बसून बोटांनी ती गाठ मुळापासून, अगदी कातडीपर्यंत, उभी फाडून वेगळी करायची. एका गाठीचे दोन दोर, दोनाचे चार. प्रत्येक दोर कातडीच्या ठरावीक तुकड्यातूनच उगवला पाहिजे आणि दोन दोरांच्या मध्ये कातडी दिसली पाहिजे. शेतात ओळी दिसतात तसं. हे दीड-दोन वर्षं चालतं, तेव्हा कुठे दोर पक्के होतात. पुलीचे दोर जमिनीला टेकायला चार-पाच वर्षं लागतात. पक्के झाल्यावरही प्रत्येक आंघोळीनंतर मुळाशी नवे वाढलेले केस शेजारच्या दोराला चिकटत असतातच. ते पुन्हा सोडवायचे.

ही आंघोळ मी एकदा स्वतः घातली आहे. 2016 साली लेकीकडे म्युनिकला गेलो होतो. तिच्या इमारतीत एक हंगेरियन आजीबाई राहायच्या, त्यांच्याकडे काळी पुली कुत्री होती. मी जनावरांचा डॉक्टर आहे हे कळल्यावर त्यांनी मला शनिवारी सकाळी बोलावून घेतलं. मला वाटलं काही आजार दाखवायचा असेल. त्यांना हात हवे होते.

आम्ही साडेनऊला सुरुवात केली. नुसते केस आतपर्यंत भिजायलाच अर्धा तास लागला. वरून पाणी घातलं तर घरंगळून जातं, म्हणून टबात उभं करून मग्ग्याने पुन्हा पुन्हा ओतायचं आणि दोर मुठीत दाबायचे. शाम्पू पाण्यात पातळ करून घेतलेला. चोळायचं नाही, फक्त दाबायचं, चोळलं की दोर एकमेकांत गुंततात. मग धुणं. शाम्पूचा अंश आत राहिला तर खाज सुटते, म्हणून पिळून निघणारं पाणी नितळ दिसेपर्यंत धुवायचं. ते व्हायला अकरा वाजून गेले. मग आजीबाईंनी टॉवेलांचा ढीग काढला. एकेक दोर टॉवेलात धरून पिळायचा, घोंगडी धुतल्यावर दोघं दोन टोकांना धरून पिळतात तसं, फक्त शे-दोनशे वेळा. नंतर दोन पंखे लावले. मी संध्याकाळी जाऊन पाहिलं, आत ओलच. दुसऱ्या दिवशी दुपारी ती कोरडी झाली. तोपर्यंत घरात ओल्या घोंगडीचा वास होता. खरं सांगतो, परदेशात पहिल्यांदा मला गावाकडची आठवण आली ती त्या वासाने.

आजीबाईंची बाकीची कामंही पाहून ठेवली. तोंडावरचे दोर जेवताना फडक्याने मागे बांधायचे. शेपटीखालचे आणि लघवीच्या जागेचे केस कापून आखूड ठेवायचे. पंजांच्या गाद्यांमधले केस काढायचे. कानाच्या आतले मोकळे करायचे. जमिनीला लोळणारी टोकं छाटायची. आणि रोज फिरून आल्यावर काडी, पान, बी असं जे अडकलं असेल ते त्याच दिवशी काढायचं, उद्यावर टाकलं की ते दोराच्या पोटात जातं. त्या म्हणाल्या, लेकीने मला सांगितलं, “नवऱ्यापेक्षा जास्त वेळ हिने घेतला.”

आता परभणीत जमेल का? मित्रा, जमणार नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा चव्वेचाळीसच्या घरात जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, तेवढीच त्याची सोय, आणि थोडा घाम पंजांच्या गाद्यांना. त्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट. 106 च्या पुढे गेलं की उष्माघात, आणि तासाभरात खेळ संपतो. बरं, एसी लावशील, तू लावू शकतोस. पण ऑगस्टात काय करशील? झड लागली की आपली बनियन तीन दिवस वाळत नाही, ते केस कधी वाळायचे? ओल्या दोरांखाली कातडी लाल होते, चिघळते, बुरशी धरते, माशी बसली की अळ्या पडतात. वर आपल्याकडचं कुसळ, गोखरू, आघाडा. वर गोचीड. गोचीड नुसता रक्त पीत नाही, तापही देतो, आणि त्या तापाने मरणारी कुत्री मी दर पावसाळ्यानंतर पाहतो. दोरांच्या जंगलात गोचीड शोधणार कोण?

आपल्या भागात कुत्री कशी घडली ते पाहा. कारवानी घ्या, आपल्या शेजारी लातूर जिल्ह्यात जानवळच्या बाजूला लोक हौसेने पाळतात. अंगाला चिकटलेले आखूड केस, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी काया. त्यातलाच पश्मी प्रकार, ‘पश्म’ म्हणजे फारसीत लोकर, पण त्याची लोकर किती? कानाला, पायाला, शेपटीला मऊ झालर, बस्स. या मातीने एवढीच परवानगी दिली. दख्खनी मेंढी लोकरीची, तर धनगर तिला वर्षातून दोनदा कातरतो. स्पेनमधले लोकही आपल्या दोरकेसाच्या पाणकुत्र्याला मेंढीसारखे वर्षाकाठी कातरतात. ते मला शहाणपणाचं वाटतं.

इथपर्यंत गंमत झाली. पण “याला तर जट आलीय” असं ज्या मैत्रिणीने लिहिलं, तिचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्याचं कारण सांगतो, आणि मग खाली बसतो.

2019 च्या पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात एक ल्हासा आला. आठ वर्षांचा नर. परभणीत ल्हासा, शित्झू, पामेरियन आता गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. पण याच्या अंगावर केस नव्हते, एक सलग पट्टा होता. पाठीपासून पोटापर्यंत जेन गुंडाळावं तसा. दोर आणि पट्टा यांतला फरक हाच. दोरांच्या मध्ये कातडीला हवा लागते, पट्ट्याखाली ती गुदमरते. कुत्रं मान वळवत नव्हतं आणि दोन दिवस जेवलं नव्हतं. वास दारातूनच आला.

सोबत सून आणि सासूबाई. सून म्हणाली, दोन वर्षांपासून मी कापा म्हणते, पण घरात ऐकत नाहीत. सासूबाई सत्तरीच्या. त्या म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, ते खंडोबाचं कुत्रं हाय. त्याला देवाची जट आलीया. तिला लोखंड लावू नका. औषिद द्या फक्त.”

आता माझी चूक सांगतो. हाच ल्हासा सहा महिन्यांपूर्वी रेबीजच्या लसीसाठी माझ्याकडे आला होता. तेव्हाही गुंता होता. मी म्हणालो, “केस काढून घ्या,” आजी “नको” म्हणाल्या, मी “बरं” म्हणालो, लस टोचली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. बाहेर रांग होती. केसांखाली हात घालून पाहायला मला एक मिनिट लागलं असतं. मी ते दिलं नाही.

आणि त्या आजींकडे बघताना मला दुसरीच बाई दिसायला लागली. तुम्हालाही आठवत असेल. आपल्या शाळेच्या फाटकाबाहेर बोरं, चिंचा, उकडलेल्या शेंगा घेऊन बसायची ती. डोक्यावर जट होती, कापडात गुंडाळून चुंबळीसारखी ठेवायची. आपण दहा पैशांची बोरं घ्यायचो आणि पळत सुटायचो. तिच्या जटेत नाग आहे असं आपणच ठरवलं होतं. मुली तिच्या सावलीतून जायच्या नाहीत. ती मान नेहमी एका बाजूला कलती धरायची, आणि आपण मधल्या सुट्टीत तिची नक्कल करायचो. मीही केली आहे, आणि चांगली करायचो.

1994 मध्ये, मी इथल्याच पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडून नुकता कामाला लागलो होतो. बाजारात ती भेटली. तिने मला ओळखलं, मी तिला. म्हणाली, “बाबा, तू डाक्टर झालास म्हणं. मान लई दुखती रं. डोस्क्यात आत वळवळ व्हती, रातभर झोप न्हाई. काई देतूस का?” मी म्हणालो, “मावशी, मी जनावरांचा डॉक्टर आहे.” खोटं काहीच बोललो नाही. पण त्या वर्षभरात मी किमान दहा-बारा जनावरांचे असे गुंते काढले होते, खालची कातडी कशी असते मला ठाऊक होतं, कात्री कुठून घालायची ठाऊक होतं. निदान सरकारी दवाखान्यात सोबत तरी जाता आलं असतं. मी तिच्याकडून पावशेर बोरं घेतली, पैसे जास्त दिले आणि निघालो. पुन्हा ती दिसली नाही.

माणसाची आणि कुत्र्याची बरोबरी करतोय असं समजू नका. केस तेवढे एकाच धर्माचे. बाईच्या डोक्यातही तेच होतं. गळलेला केस आतच राहतो, न धुता, न विंचरता दिवस जातात, तेल-मळ आणि घाम बसतो, गाठ पडते. पहिली गाठ दिसली की कोणीतरी देवीचं बोलावणं म्हणतं, आणि मग कंगवा लावायचीच बंदी. ‘जोगवा’ चित्रपट 2009 मध्ये आला, तो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल, त्यात पुढचं सगळं आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन बायकांच्या जटा काढतात. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी तर शेकडो बायकांच्या काढल्या आहेत. कापायला तासभर लागतो म्हणतात. समजूत काढायला कधी कधी महिने.

तर, मी त्या आजींना देव-धर्माचं काही बोललो नाही. फाटकावरच्या बाईची गोष्ट सांगितली, आत्ता तुम्हाला सांगितली तशी, माझ्या पावशेर बोरांसकट. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “कापा. पण ती कचऱ्यात टाकू नका. मला द्या.”

कुत्र्याला हलकी भूल दिली, सलाईन लावलं. इथे घरी कुत्री असणाऱ्यांनी नीट ऐका. असा गुंता कधीही कात्रीने कापू नका. केस ओढले गेल्याने कातडी तंबूसारखी गुंत्यात वर आलेली असते. तुम्हाला वाटतं केस कापतोय, आणि कापली जाते कातडी. अशी फाटलेली कुत्री टाके घालायला माझ्याकडे दर महिन्याला येतात. आणि आधी आंघोळही घालू नका, पाणी लागलं की गुंता आवळतो. दहा नंबरचं ब्लेड लावलेलं क्लिपर गुंत्याच्या खालून, कातडीला समांतर न्यायचं. ब्लेड तापतं, म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी आपल्या मनगटाला लावून बघायचं.

दीड तास लागला. पट्टा एकसंध निघाला, मेंढीची लोकर निघते तसा. खाली कातडी लाल, ठिकठिकाणी ओली, गोचिडांनी भरलेली. आणि मानेपाशी हाताला काहीतरी टणक लागलं. पिल्लू असताना दृष्ट लागू नये म्हणून बांधलेला काळा दोरा. कुत्रं वाढलं, दोरा वाढला नाही. केसांखाली कोणाला दिसला नाही, आणि तो कातडी कापत आत गेला होता, गळ्याभोवती पूर्ण गोल. जेवण का सुटलं, मान का वळत नव्हती, ते तिथे कळलं. दोरा कापून काढला, जखम धुतली, तीन आठवडे रोज मलमपट्टी केली. कानांचे गुंते निघाल्यावर एका कानात रक्त साचलं, तेही होतं अशा वेळी, कुत्रं मोकळा झालेला कान झटकत राहतं. त्याचंही छोटं ऑपरेशन केलं.

आजींनी तो केसांचा पट्टा धुतलेल्या कापडात बांधून नेला आणि गंगाखेडला जाऊन गोदावरीत सोडला. मला आधी विचारलं, चालेल ना. मी चालेल म्हणालो. आमच्या मुलाला हे पटलं नाही, तो म्हणाला, पप्पा, तुम्ही नाही म्हणायला हवं होतं. असेल त्याचं बरोबर. ल्हासा पुढे अडीच वर्षं जगला. आजी स्वतः दर महिन्याला त्याला घेऊन यायच्या, आणि क्लिपर सुरू झालं की तोंड फिरवून बसायच्या.

तिसऱ्या रांगेतल्या मित्रा, तुझं उत्तर राहिलं. पुली घेऊ नकोस. आपल्या गल्लीतलं एखादं आखूड केसांचं पिल्लू घे, लस मी फुकट टोचतो. आणि ज्यांच्या घरी आधीच लांब केसांचं कुत्रं आहे, त्यांनी आज रात्री घरी गेल्यावर एवढं करा. कानामागे, काखेत, मांडीच्या आत आणि गळ्याला, अगदी पट्टा काढून, बोटं कातडीपर्यंत घालून बघा. गाठ लागली तर ओढू नका. रविवारी सकाळी मी दवाखान्यातच असतो, नऊ ते बारा. कुत्रं घेऊन या, फक्त येताना आंघोळ घालून आणू नका.